मुंबईच्या आकाशांतील उत्तर ध्रुवप्रकाश

उत्तर ध्रुवप्रकाश म्हटला कीं नॉर्वेचें हिमाच्छादित आकाश आपल्या मनश्चक्षूंपुढें उभें राहतें. परंतु १८७२ सालीं फेब्रुवारीच्या ४ तारखेस, रविवारीं, सूर्यास्तानंतर हाच प्रकाश मुंबईंत दिसला, असें तेथील वृत्तपत्रानें तेव्हां नमूद केलें. त्याच वेळीं मुंबई-एडन ही समुद्राखालची तार कांहीं तास बंद पडली. सोलापूर मुंबईच्या दक्षिणेस अवघें सव्वा अंश. तेव्हां तो योग आपल्याहि वांट्यास येईल काय?

याचें उत्तर देणाऱ्या विद्येस कुलाब्याच्या वेधशाळेचा मोठा हातभार लागला आहे. तेथें १८४१ पासून चुंबकसूचीच्या हालचाली नियमानें टिपीत असत. १८५९ च्या १ सप्टेंबरास इंग्लंडांत कॅरिंग्टन यांनीं सूर्यावर अकस्मात् चमकलेलें तेज पाहिलें. सुमारें साडेसतरा तासांनीं पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ उठलें. त्याची तीव्रता ठरविण्यास कुलाब्याचे ते हातानें लिहिलेले आंकडे आजहि उपयोगी पडतात. १९०४ पासून हें काम अलिबागेस होऊं लागलें.

आजचें भाकित सूर्य आणि चुंबकसूची यांच्या याच नात्यावर उभें आहे. सूर्यावर स्फोट दिसला कीं एक-दोन दिवस आधीं इशारा मिळतो. परंतु येणाऱ्या सौरद्रव्याच्या चुंबकक्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असली, तरच वादळ भडकतें. आणि ती दिशा कळते पृथ्वीपासून १५ लक्ष किलोमीटरांवरील यानांना. आपलें आदित्य-एल१ २०२४ च्या जानेवारींत तेथें पोंचलें. तेथून वार्ता आल्यावर हातीं उरतो फार तर तासाभराचा अवधि.

भाकितांतील ० ते ९ हा ‘केपी’ अंक वादळाचा जोर सांगतो; तो दर्शनाची हमी नव्हे. २०२४ च्या मे महिन्यांत हा अंक ९ झाला, तेव्हां लडाखमधील हानले येथें तांबूस प्रकाश छायाचित्रांत टिपला गेला. पण हानले सोलापूरच्या उत्तरेस पंधरा अंश आहे. नुसत्या आंकड्यावर विसंबून जागरण करणाऱ्या सोलापूरकराच्या पदरीं बहुधा निराशाच येईल.

तथापि १८७२ सारखें वादळ पुन्हा उठलेंच, तर निरभ्र व चांदणें नसलेल्या रात्रीं शहराचे दिवे पाठीशीं टाकून तुळजापूरच्या वाटेस लागावें आणि उत्तर क्षितिज न्याहाळावें. हिरवे पडदे शोधूं नयेत. अतिउंचावरील प्राणवायूची मंद तांबडी आभा तेवढी दिसेल. वणवा किंवा गांवाचा उजेड नाहीं ना, याची खात्री करावी आणि दिसेल तें वेळेसह लिहून ठेवावें. मुंबईची ती रात्र आपणांस आज कळते, ती कोणी तरी तेव्हां लिहून ठेविली म्हणूनच.