वर्दीची वाट पाहण्याचे तास

आठवड्याचे तास १६८. बंबावरची एक जागा दिवसरात्र भरलेली ठेवायची, तर हे १६८ तास कोणीतरी तिथे हजर पाहिजे. माणूस आठवड्याला ५६ तास काम करत असेल तर त्या एका जागेला तीन माणसे लागतात. ४२ तास करत असेल तर चार. त्या चौघांनी हक्काची रजा घ्यायची, आजारी पडायचे, प्रशिक्षणाला जायचे म्हटले की पाचव्याची तजवीज आली. अग्निशमन दलातल्या रजेचा आणि पाळ्यांचा इतिहास म्हणजे या भागाकाराशी जवळपास दोनशे वर्षे घातलेली हुज्जत आहे. ती सर्वांत कडाक्याने लंडनमध्ये झाली, आणि मुंबईच्या दलाची घडी बसवायला माणूस आला तोही लंडनहूनच.

१ जानेवारी १८३३ रोजी लंडनमधल्या दहा विमा कंपन्यांनी आपापली बंबपथके एकत्र केली. त्याआधी या पथकांत थेम्स नदीवरचे नावाडी असत. एरवी होडी वल्हवायची आणि आग लागली की बंबाकडे धावायचे. त्यांच्या सुट्टीचा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता. नव्या दलाचा प्रमुख जेम्स ब्रेडवुड. त्याने ८० पूर्णवेळ पगारी माणसे ठिकठिकाणच्या ठाण्यांत बसवली. पूर्णवेळ हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा. माणूस ठाण्यातच राही, तिथेच झोपे, आणि परवानगीशिवाय बाहेर पडत नसे.

१८६१ मध्ये टूली स्ट्रीटच्या गोदामांना लागलेल्या आगीत भिंत कोसळून ब्रेडवुड गेला. त्याच्या जागी आलेल्या मॅसी शॉने भरती खलाशांतून सुरू केली. शिडी चढणे, दोर बांधणे आणि हुकूम पाळणे त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. पण शॉला हवा असलेला गुण आणखी एक होता: जहाजावरचा माणूस ‘घरी कधी जाऊ’ असे विचारत नाही. ठाण्याच्या इमारतीतच बायकामुलांसह राहायची जागा, तिथेच पगार, तिथेच हुकूम. आठवड्या-पंधरवड्यातून एखादा दिवस सुट्टीचा. बाकी वेळ कामाचा की घरचा, याचा निवाडा करायची गरज व्यवस्थेला भासली नाही, कारण वर्दी आली नाही तर माणूस ‘बसूनच’ असतो, ही समजूत पक्की होती. हीच समजूत मोडायला पुढची शंभर वर्षे गेली.

१८९० मध्ये डब्ल्यू. निकोल्स हे लंडनच्या दलातले अधिकारी मुंबईच्या अग्निशमन दलाचे पहिले व्यावसायिक प्रमुख झाले. मुंबईत आजही अनेक अग्निशमन केंद्रांच्या आवारातच जवानांची निवासस्थाने आहेत. सोय म्हणून ती मोलाची आहेत. मुंबईत घर मिळणे म्हणजे काय ते सांगायला नको. पण ज्या आवारात घंटा वाजते त्याच आवारात संसार असला, की ड्युटी संपली म्हणजे नेमके काय संपले, हे सांगणे अवघड होते.

लंडनमध्ये या अखंड हजेरीला पहिली फट पडली ती पोलिसांमुळे. १९१८ मध्ये अग्निशमन कर्मचाऱ्यांची संघटना उभी राहिली आणि तिने स्वतःची तुलना पोलिसांशी सुरू केली. पोलिसाला तासांचे बंधन आहे, मग आम्हाला का नाही? १९२० मध्ये लंडनने दोन पाळ्या आणि आठवड्याचे ७२ तास मान्य केले. आज ७२ तास ऐकून आपण हादरू, पण त्या वेळी ही क्रांतीच होती, कारण ड्युटी संपते हे पहिल्यांदा कागदावर आले. लंडनबाहेर मात्र बऱ्याच ठिकाणी जुनाच अखंड हजेरीचा खाक्या चालू राहिला.

मग दुसरे महायुद्ध आले आणि मिळवलेले सगळे गेले. ४८ तास ड्युटी, २४ तास सुट्टी, म्हणजे आठवड्याला ११२ तास. मात्र याच काळात दलात हजारो साहाय्यक जवान भरती झाले. ते कारखान्यांतून, कचेऱ्यांतून, दुकानांतून आलेले होते. ठरलेले तास, जादा कामाचा मोबदला, पगारी सुट्टी यांतले काही ना काही अनेकांनी नागरी आयुष्यात अनुभवलेले होते. खलाशाचा वारसा त्यांना ठाऊक नव्हता. १९३९ मध्ये ऐन तरुण वयात जॉन हॉर्नर संघटनेचे सरचिटणीस झाले आणि या नव्या माणसांना त्यांनी आत घेतले. माझ्या मते तासांच्या लढ्याला खरे बळ मिळाले ते इथे, युद्धाच्या धुरात. बाहेरून आलेल्या माणसालाच आतल्या रिवाजातला विचित्रपणा दिसतो.

युद्धानंतर तास उतरत गेले: आधी ६०, मग ५६, मग ४८. कमी केलेला प्रत्येक तास म्हणजे नवी भरती, म्हणून खर्च, म्हणून भांडण. वर्दी नसतानाच्या वेळेचे काय करायचे, हा प्रश्नही सुटलेला नव्हता. वरिष्ठांचे उत्तर सोपे होते: पितळ घासा, फरशी पुसा. रिकामा दिसणारा माणूस शिस्तप्रिय डोळ्यांना सहन होत नाही. १९५१ च्या पगार-आंदोलनात कर्मचाऱ्यांनी नेमकी हीच कामे बंद ठेवली आणि आगीची वर्दी तेवढी घेतली. कित्येकांवर शिस्तभंगाची कारवाई झाली.

१४ नोव्हेंबर १९७७ रोजी ब्रिटनभरचे अग्निशमन कर्मचारी संपावर गेले. नऊ आठवडे लष्कराचे जवान जुनाट हिरव्या बंबांवरून आगी विझवत होते. संप मुख्यतः पगारासाठी होता, पण तडजोडीत ४२ तासांचा आठवडा पदरात पडला आणि १९७९ मध्ये तो लागू झाला. त्यातून आला चार तुकड्यांचा फेरा: लाल, पांढरी, निळी, हिरवी. दोन दिवसपाळ्या नऊ-नऊ तासांच्या, दोन रात्रपाळ्या पंधरा-पंधरा तासांच्या, मग चार दिवस मोकळे. आठ दिवसांत ४८ तास. सरासरी बरोबर ४२.

या फेऱ्यात वार्षिक रजाही बसवावी लागते. बंबावर किमान किती माणसे हवीत हे ठरलेले असते आणि त्याखाली संख्या जाऊन चालत नाही. म्हणून लंडनमध्ये रजेचे गट असतात. आपल्या गटाची रजा कोणत्या आठवड्यांत पडणार हे कर्मचाऱ्याला खूप आधी कळते. बहिणीचे लग्न त्या आठवड्यांत नसेल तर सहकाऱ्याशी अदलाबदल. बाहेरच्याला हे जाचक वाटेल. पण पुढच्या वर्षीच्या नाताळात आपण कुठे असू हे आजच सांगू शकणारे नोकरदार फार नसतात.

म्हणूनच २००२ मध्ये सर जॉर्ज बेन यांच्या आढावा समितीने या पाळ्यांना ताठर ठरवले आणि स्त्रियांना, लहान मुले असलेल्यांना सोयीच्या लवचीक वेळांची शिफारस केली, तेव्हा कर्मचारी खूष झाले नाहीत. बेन यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. पंधरा तासांची रात्र एकट्या आईला जमवणे कठीणच. पण ज्यांचे संसार या फेऱ्याभोवती रचले गेले होते, त्यांना लवचीकतेत पदे कमी करण्याचा डाव दिसला. २०१० मध्ये लंडनच्या प्रशासनाने बारा-बारा तासांच्या पाळ्या लादू पाहिल्या आणि नव्या अटींसाठी सगळ्यांना नोटिसा काढल्या. पुन्हा संप झाले. अखेर दिवस साडेदहा तासांचा आणि रात्र साडेतेरा तासांची, यावर समेट झाला. दीड तास इकडून तिकडे जायला एवढा खटाटोप!

अधिकाऱ्यांची गोष्ट वेगळीच. त्यांच्यासाठी लवचीक ड्युटी नावाची पद्धत फार आधीपासून आहे: काही तास प्रत्यक्ष काम, बाकी काही तास घरी, पण फोन आला की निघायचे. लवचीक इथे अधिकाऱ्याने व्हायचे असते.

घरी बसून वर्दीची वाट पाहणे हे काम आहे का? हा प्रश्न शेवटी न्यायालयात गेला. बेल्जियममधल्या निव्हेल गावच्या एका स्वयंसेवक जवानाला बोलावणे आल्यापासून आठ मिनिटांत ठाण्यावर पोहोचावे लागे. २१ फेब्रुवारी २०१८ रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितले की ठरल्या जागी थांबून एवढ्या झटपट निघायचे बंधन असेल, तर तो वेळ कामाचाच. २०२१ मध्ये जर्मनीतल्या ओफेनबाखच्या प्रकरणात, जिथे वीस मिनिटांची मुदत होती, तेच न्यायालय सावध झाले: बंधनामुळे माणसाचा मोकळा वेळ खरोखर किती आखडतो, ते पाहून स्थानिक न्यायालयाने ठरवावे. त्याआधी २०१० मध्ये जर्मनीतल्याच हाले शहरातल्या एका जवानाचे प्रकरण गाजले होते. युरोपीय नियमातल्या आठवड्याला ४८ तासांच्या मर्यादेवर बोट ठेवले म्हणून त्याला बंबावरून काढून टेबलाच्या कामावर बसवले गेले. न्यायालयाने ती बदली बेकायदा ठरवली.

आपल्या शहरात नवा बंब किंवा उंच शिडी आली की फोटो छापून येतात, किंमत छापून येते, शिडी कितव्या मजल्यापर्यंत पोहोचते तेही येते. पुढच्या वेळी तुमचा नगरसेवक त्या बंबापुढे उभा राहून नारळ फोडेल, तेव्हा त्याला दोन आकडे विचारा: या बंबावरच्या एका जागेमागे किती पदे मंजूर आहेत, आणि त्यांतली किती भरली आहेत. जवानाला दिवाळीत रजा मिळणार की नाही, हे त्या आकड्यांवरून तुमचे तुम्हालाच काढता येईल.