तणाचा गुन्हा कोणाचा?

माझी आजी आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात भांगलली. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, कराड-वाळव्याच्या कृष्णाकाठी आमचे घर. महारवतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. वतने प्रत्यक्ष संपली ती १९५८ च्या कायद्याने. गुलामी गेली हे योग्यच झाले. पण आमच्या घराच्या हाती रान आले नाही, आले ते खुरपे.

भांगललेले रान पंधरा दिवसांत पुन्हा हिरवे दिसले की मालक म्हणे, "बायकांनी नुसतं वरवर खरडलं." मग आठवड्याच्या हिशेबात रोज कापला जाई. आजी एवढेच म्हणे, "तण आमच्या हातात न्हाय बाबा, भुईच्या पोटात हाय."

आजीच्या या साक्षीला शास्त्राचा आधार आहे. १८७९ साली अमेरिकेतील मिशिगनच्या कृषी महाविद्यालयात विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने तणांचे बी वाळूत मिसळून २० बाटल्यांत भरले आणि त्या जमिनीत पुरल्या. शेतकऱ्याने किती वर्षे तण काढले म्हणजे भुईतले बी संपेल, हे त्याला पाहायचे होते. त्या बियांत आपली घोळही होती. २०२१ साली, म्हणजे १४२ वर्षांनी उकरलेल्या बाटलीतलेही काही बी रुजले!

घोळीच्या, माठाच्या एकेका झाडाला हजारोंनी बी धरते. ते सगळे एका पावसात उगवत नाही. खोल गेलेले बी अंधारात निजून राहते. नांगर-कुळवाने माती वर आली, ओल आणि उजेड मिळाला की ते जागे होते. खुरप्याने हललेल्या मातीतूनही नवे बी वर येते. म्हणून एक भांगलण झाली की दुसरी लागतेच. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून आणि पाटाच्या पाण्यातून त्यात दरसाल भर पडते. नांगर मालकाचा, खत मालकाचे, पाण्याची पाळी मालकाची. रोज मात्र आजीचा कापला गेला.

आणखी एक गोष्ट. मालकाच्या लेखी जे तण, ते आमच्या घरी कालवण होते. भांगलता भांगलता घोळ, तांदुळजा, पाथरी, कुर्डू बायकांच्या ओट्यात पडे. दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आलेले टू-फोर-डी हे तणनाशक पुढे आपल्या उसातही शिरले. ते मुख्यतः रुंद पानांची झाडे मारते. हरळी तग धरते, लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत शाबूत राहतात. म्हणजे आधी मेली ती गरिबाची भाजी. तिच्यामागोमाग भांगलणीचा रोजही आटला.

आपल्या जिल्ह्यांच्या इतिहासात शेतसारा आहे, कालवे आहेत, साखर कारखाने आहेत. कोणत्या रानात कोणते तण का उगवते, हे बोटांनी ओळखणारी बाई त्यात कुठे आहे? तिचे ज्ञान अडाण्याचे ठरले आणि तिचा दोष मात्र हिशेबाच्या वहीत नोंदला गेला.

मी इतिहास शिकवतो. येत्या दिवाळीच्या सुट्टीत माझे विद्यार्थी आपापल्या गावातील म्हाताऱ्या भांगलणाऱ्या बायकांकडे जाणार आहेत. त्यांना दोनच प्रश्न विचारायचे आहेत: कोणत्या रानात काय उगवत होते? आणि त्यापायी तुमचा रोज किती वेळा कापला गेला?