यंत्राची खूण आणि यंत्राचें बिऱ्हाड

वर्गांत हजेरी घेतांना शिक्षक नांव पुकारतात आणि ज्याचें तें नांव असेल तो मुलगा 'हजर' म्हणतो. हें काम सोपें आहे. परंतु समोर उभ्या असलेल्या मुलाला स्वतःचेंच नांव ठाऊक नसेल तर काय करावें? तेव्हां शाळेच्या पटावांचून गत्यंतर नाहीं. संगणकांच्या जाळ्यांतही नेमका हाच पेंच पडला होता. तो कसा सुटला, हें आज थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

जाळ्यावरील यंत्राला दोन ओळखी असतात. एक कारखान्यांतच मिळालेली, तिला हार्डवेअर पत्ता म्हणतात. ती जन्मखुणेसारखी होय. दुसरी आयपी पत्ता. यंत्र ज्या जाळ्यांत वस्तीस येईल तेथली, म्हणजे बिऱ्हाडाच्या पत्त्यासारखी.

अमेरिकेंत पालो आल्टो येथें झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंत रॉबर्ट मेटकाफ यांनीं १९७३ सालीं 'ईथरनेट' जाळ्याची कल्पना मांडली. त्या प्रायोगिक जाळ्यांत यंत्राची खूण अवघी ८ बिटांची होती. म्हणजे २५६ हून अधिक खुणा संभवतच नव्हत्या. १९८० सालीं डिजिटल, इंटेल व झेरॉक्स या कंपन्यांनीं मिळून जी नियमावली काढली, तींत ही खूण ४८ बिटांची झाली. जगांतील कोणत्याही दोन यंत्रांची खूण एक असूं नये, हा त्यांतील हेतु. आयपी पत्ता मात्र ३२ बिटांचाच होता. मोठी संख्या लहान संख्येंत मावत नाहीं. त्यामुळें केवळ गणितानें एकीवरून दुसरी काढण्याची वाट खुंटली.

नोव्हेंबर १९८२ मध्यें डेव्हिड प्लमर यांनीं यावर जो तोडगा प्रसिद्ध केला, तो 'एआरपी' या नांवानें ओळखला जातो. तो म्हणजे शुद्ध हजेरीच! 'अमुक आयपी पत्ता कोणाचा?' असें एक यंत्र सर्वांना पुकारतें. ज्याचा असेल तें आपली खूण कळवितें. आणि विचारणारें यंत्र ती जोडी कांहीं काळ आपल्या कोष्टकांत टिपून ठेवतें.

उलट प्रश्न मात्र तसाच उरला. त्या काळीं साठवणुकीची तबकडी नसलेले संगणक वापरांत येत होते. सुरू होतांना त्यांना आपली खूण कळे, पण आयपी पत्ता जपून ठेवण्यास जागाच नसे. जून १९८४ मध्यें स्टॅनफर्ड विद्यापीठांतील फिनलेसन, मान, मोगल व थाइमर या चौघांनीं 'आरएआरपी' ही उलट रीत मांडली. तींत यंत्र विचारतें, 'माझी खूण ही. माझा पत्ता कोणता?' आणि उत्तर देतो तो जाळ्यावरील पटधारक संगणक. पुढें १९८५ सालीं 'बूटपी' व १९९३ सालीं 'डीएचसीपी' या पद्धती आल्या. डीएचसीपीनें ठराविक मुदतीपुरता पत्ता देण्याची सोय केली.

आज घरांतील छापयंत्राची खूण ठाऊक असून पत्ता हवा असेल, तर दोन सोपे मार्ग आहेत. राउटरमधील डीएचसीपीची यादी पाहावी. किंवा संगणकाला 'एआरपी -ए' ही आज्ञा देऊन त्याचें कोष्टक वाचावें. मात्र त्या छापयंत्राशीं नुकतेंच बोलणें झालें असेल तरच त्याची नोंद तेथें सांपडते. शिवाय ही खूण राउटरपलीकडे जात नाहीं. म्हणून परगांवच्या यंत्राचा शोध या वाटेनें लागत नाहीं.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. एआरपीमध्यें 'हजर' म्हणणाऱ्याची पारख कोणी करीत नाहीं. दुसऱ्याच्या नांवानें ओ देऊन त्याचीं पत्रें आपल्याकडे वळविणारा लबाड येथें सहज निपजतो. दुसरें असें कीं, जी खूण कधीं बदलत नाहीं, तिच्यावरून माणसाच्या फिरण्याचा मागही काढतां येतो. म्हणूनच २०१९ सालच्या अँड्रॉइड १० पासून व २०२० सालच्या आयओएस १४ पासून फोन जाळ्यागणिक निराळी, बनावट खूण धारण करूं लागले. तेव्हां खुणेवरून माणूस ओळखला, असें कोणी छातीठोकपणें सांगूं लागल्यास त्यावर लगेच विश्वास ठेवूं नये.

तात्पर्य, खुणेच्या आंकड्यांत पत्ता दडलेला नसतो. तो पटांत असतो. पट जितका खरा व ताजा, तितकेंच उत्तर खरें. आणि ज्याच्या हातीं पट, त्याच्या हातीं दुसऱ्यांच्या येण्याजाण्याची वार्ताही असते. म्हणून तो राखणाऱ्याच्या अंगीं दक्षतेइतकाच संयमही असला पाहिजे.