सहस्र वर्षांचे राज्य

ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या अगदी अखेरीस 'प्रकटीकरण' नावाचे पुस्तक आहे. त्याच्या विसाव्या अध्यायात लागोपाठच्या सहा वचनांत 'हजार वर्षे' हे एकच कालमान सहा वेळा आले आहे. सैतानाला हजार वर्षे साखळीने जखडून अगाधकूपात टाकण्यात येईल. धर्मासाठी ज्यांनी प्राण दिले ते पुन्हा उठून ख्रिस्ताबरोबर हजार वर्षे राज्य करतील. त्यानंतर सैतान थोडा वेळ सुटेल, शेवटचा संग्राम होईल आणि मग न्यायनिवाडा, असे तेथील दर्शन आहे. एवढ्याशा मजकुरावरून ख्रिस्ती पंडितांत जो वाद माजला तो अठरा शतके उलटून गेली तरी मिटलेला नाही. हजार म्हणजे खरोखरीच हजार काय? आणि ख्रिस्त परत यावयाचा तो ह्या राज्याच्या आधी की नंतर?

हे पुस्तक लिहिले गेले ते पहिल्या शतकाच्या अखेरीस, डोमिशियन बादशहाच्या अमदानीत, असे बहुतेक विद्वान मानतात. छळाच्या भीतीत दिवस काढणाऱ्या लहानशा मंडळ्यांना त्यातील वचन अक्षरशः खरे वाटले ह्यात नवल नाही. दुसऱ्या शतकातील जस्टिन व इरेनियस हे दोघेही आचार्य पृथ्वीवरील प्रत्यक्ष राज्याची वाट पाहत होते. पुढे ऑगस्टीनने हा सारा अर्थच फिरविला. तो स्वतः एके काळी त्याच आशेकडे झुकलेला होता, हे त्याने 'देवाचे नगर' ह्या ग्रंथात सांगितले आहे. परंतु ४१० मध्ये रोम लुटले गेल्यानंतर लिहावयास घेतलेल्या ह्याच ग्रंथात त्याने असे मांडले की, हजार ही पूर्णतेची खूण आहे, मोजणीची नव्हे. सैतान ख्रिस्ताच्या पहिल्या आगमनानेच बांधला गेला, आणि ते राज्य म्हणजे आज चालू असलेला ख्रिस्तमंडळीचा काळ होय. ही उपपत्ती पुढे हजारभर वर्षे पश्चिमेत प्रमाण ठरली. सत्ता धर्माच्या बाजूला आली म्हणजे ती उलथण्याची भविष्ये कोणाला रुचत नाहीत, हेही त्याचे एक कारण म्हणावे लागेल.

सोळाव्या शतकात सुधारकांनी पोपलाच ख्रिस्तविरोधक ठरविले, तेव्हा उत्तर देणे रोमच्या पक्षाला भाग पडले. रिबेरा ह्या जेझुइट पंडिताने ही भविष्ये जगाच्या शेवटच्या थोड्या वर्षांविषयी आहेत असे सांगितले. अल्काझार ह्या दुसऱ्या जेझुइटाने त्यांतील बहुतेक भाग प्राचीन काळीच खरा होऊन गेला असे प्रतिपादिले. दोघांची मते एकमेकांच्या उलट. पण पोपवरील आरोप दोन्हींनी टळत होता. गंमत अशी की, भविष्यकाळावर भर देणारी ही दृष्टी एकोणिसाव्या शतकात डार्बी ह्या इंग्रज धर्मोपदेशकाच्या द्वारा प्रॉटेस्टंटांतच सर्वत्र पसरली.

अमेरिकेत मात्र प्रथम निराळ्याच आशेचे दिवस होते. जोनाथन एडवर्ड्सच्या परंपरेतील धर्मशास्त्री म्हणत की, सुवार्तेच्या प्रसाराने जग हळूहळू सुधारेल, सहस्र वर्षांचे शांतिराज्य माणसांच्या हातूनच अवतरेल आणि ख्रिस्त येईल तो त्यानंतर. ह्याच वातावरणात वाढलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईस उतरले. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळा व छापखाना ह्यांच्या मुळाशी ही आशा होती. हॉल १८२६ मध्ये नाशिककडील प्रवासात पटकीने वारला.

तोच ग्रंथ वाचून न्यूयॉर्क संस्थानातील विल्यम मिलर ह्या शेतकऱ्याने अगदी उलट निष्कर्ष काढला. तो १८१२ च्या युद्धात लढलेला, पूर्वी नास्तिकतेकडे झुकलेला, फारसे शिक्षण नसलेला. पण चिकाटीचा माणूस. दानीएलाच्या पुस्तकात, दोन हजार तीनशे दिवसांनंतर पवित्रस्थान शुद्ध होईल, असे वचन आहे. एक दिवस म्हणजे एक वर्ष धरावे, ही भाष्यकारांची जुनीच रीत. इसवी सनापूर्वी ४५७ पासून मिलरने मोजणी केली आणि उत्तर आले १८४३. पवित्रस्थान म्हणजे ही पृथ्वी, तिची शुद्धी म्हणजे अग्नी! हा निष्कर्ष १८१८ मध्येच निघाला होता. तो उघडपणे सांगावयास त्याने आणखी तेरा वर्षे घेतली. वर्तमानपत्रे व तंबूंतील सभा ह्यांच्या साह्याने हजारो लोक त्याला मिळाले. १८४४ चा मार्च उलटून गेला तेव्हा हिशेब पुन्हा तपासण्यात आला आणि सॅम्युअल स्नो ह्याने यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसावरून नेमकी तिथी काढली : २२ ऑक्टोबर १८४४.

काही शेतकऱ्यांनी उभी पिके काढली नाहीत. काहींनी दुकाने बंद केली, कर्जे फेडली, भांडणे मिटविली. हे लोक पांढरे झगे घालून छपरांवर बसले होते, ही विरोधकांनी उठविलेली कथा मात्र संशोधकांच्या तपासात टिकलेली नाही. ती रात्र त्यांनी प्रार्थनेत काढली. हायरम एडसन ह्याने पुढे लिहून ठेवले आहे की, मध्यरात्र उलटल्यावर ते सर्व जण पहाटेपर्यंत रडत होते. सकाळी बाहेर पडावे तर शेजाऱ्यांची थट्टा, आणि घरात राहावे तर हिवाळ्याची बेगमी नाही.

पुष्कळजण आपापल्या जुन्या मंडळ्यांत परतले. कित्येकांचा विश्वासच उडाला. मिलरने आपला हिशेब चुकल्याचे कबूल केले आणि १८४९ मध्ये, ख्रिस्त लवकरच येणार ह्या विश्वासातच, देह ठेवला. एडसनला मात्र दुसऱ्याच दिवशी मक्याच्या शेतातून जाताना वेगळा उलगडा झाला. तिथी बरोबर होती, घटना ओळखण्यात चूक झाली. शुद्ध व्हावयाचे पवित्रस्थान पृथ्वीवरचे नसून स्वर्गातले होते. ह्या अर्थाच्या पायावर शनिवारचा शब्बाथ पाळणारा सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ उभा राहून १८६३ मध्ये त्याची रीतसर स्थापना झाली. १९४२ मध्ये पुण्यास आलेले स्पायसर महाविद्यालय त्यांचेच. पुनरागमन जवळ आहे, हे त्यांचे मत कायम आहे; परंतु त्याची तारीख ह्या मंडळीने पुन्हा जाहीर केलेली नाही.