आगोटीची शेवटची फेरी : उत्तनच्या बंदरांवरील एका प्रथेचा इतिहास

मिरा-भाईंदर हे नाव घेताच लोकलची गर्दी आणि उंच इमारतींच्या रांगा डोळ्यांसमोर येतात. परंतु १९८५ साली नगरपालिका आणि २००२ साली महानगरपालिका झालेल्या या शहराची पश्चिमेकडील हद्द थेट अरबी समुद्राला भिडते, आणि तेथील उत्तन, पाली, चौक, भाटेबंदर व पातान बंदर या वस्त्यांमध्ये वर्षाची मोजदाद आजही मासेमारीच्या हंगामावरून होते. हा हंगाम पारंपरिक गणनेनुसार श्रावणातील नारळी पौर्णिमेला उघडतो आणि आगोटीला संपतो. आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड; त्या काळासाठी घरात करून ठेवायच्या बेगमीलाही किनाऱ्यावर हाच शब्द वापरतात. हंगाम उघडण्याच्या सणाविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे. मात्र हंगामाचा समुद्रावरील शेवटचा दिवस, ज्याला ना सण लाभला ना मिरवणूक, तो कोकणच्या इतिहासलेखनात जवळजवळ अलिखितच राहिला आहे.

पावसाळ्यात समुद्र बंद होणे ही गोष्ट केवळ कोळ्यांपुरती कधीच नव्हती. अरबी भाषेतील ‘मौसिम’ या ऋतुवाचक शब्दापासून मराठीतील ‘मोसम’ आला, आणि तोच शब्द पोर्तुगीजांच्या तोंडी बदलून पुढे ‘मान्सून’ या रूपाने जगभर गेला. म्हणजे ऋतू आणि समुद्रप्रवासाचा काळ यांना या किनाऱ्याच्या व्यवहारात एकच नाव पुरत होते. १५३४ पासून वसईचा प्रदेश पोर्तुगीजांकडे होता. त्याच प्रदेशातील धारावी बेट, म्हणजे वसईची खाडी, मनोरीची खाडी आणि समुद्र यांनी वेढलेला, उत्तन-डोंगरी ज्यात येतात तो भूभाग, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला आणि १७३९ च्या मे महिन्यात, पावसाळा तोंडावर आला असताना, वसईचा किल्ला शरण आला. पुढे आगबोटींच्या काळातही कोकण किनाऱ्यावरील लांब पल्ल्याची प्रवासी वाहतूक पावसाळ्यात थांबत असे, आणि त्या ऋतूतील समुद्राची जरब किती रास्त होती हे १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट सहाशेहून अधिक माणसांसह बुडाली तेव्हा सर्वांना कळले. भाईंदरच्या मिठागरांचे कामही पहिल्या पावसाबरोबरच संपत असल्यामुळे, या एकाच टापूतील मीठ आणि मासळी हे दोन जुने धंदे जवळपास एकाच वेळी हात आवरते घेत.

शेवटची फेरी नेमकी केव्हा करायची, हे ठरण्यामागे जाळ्याचा प्रकार निर्णायक होता. उत्तन परिसराची ओळख असलेले डोलजाळे हे तोंडाशी रुंद आणि शेपटाकडे निमुळते होत जाणारे, पिशवीसारखे जाळे असून ते होडीने ओढले जात नाही. समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना ते बांधून ठेवतात, भरती-ओहोटीच्या प्रवाहाने त्याचे तोंड उघडे राहते आणि पाण्याबरोबर वाहत येणारे बोंबील, जवळा, करंदी, मांदेली त्यात अडकतात. प्रवाह जोरदार असेल तरच हे जाळे काम करते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास येणारी मोठी भरती म्हणजे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची मंद भरती म्हणजे भांग. डोलकरांच्या कामाची घडी या दोहोंवर बसलेली असते. त्यामुळे जुन्या काळी हंगामाचा शेवटचा दिवस ही तारीख नसून पावसाआधीचे शेवटचे उधाण होते, असे मानणे सयुक्तिक ठरते. वाऱ्याची फिरलेली दिशा, लाटांची वाढलेली लांबी आणि पाण्याचा बदललेला रंग पाहून तांडेल, म्हणजे होडीवरील मुख्य नाविक, पुढचे उधाण घ्यायचे की नाही याचा निर्णय करी. हंगामाची दोन्ही टोके अशा रीतीने चंद्राच्या गतीला बांधलेली होती.

त्या शेवटच्या फेरीचे खरे काम मासे आणण्याचे नसून समुद्रातील संसार उचलून आणण्याचे असे. जाळी, दोर आणि तरंगते बोये सोडवून होडीत घ्यावे लागत, आणि एका पावसाळ्यात समुद्राच्या हवाली राहिलेले जाळे परत मिळण्याची आशा नसल्यामुळे ही फेरी चुकवणे म्हणजे वर्षभराची कमाई चुकवणे होते. किनाऱ्याला लागल्यावर होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारल्या जात. नायलॉन येण्यापूर्वीची सुताची आणि सणाची जाळी धुऊन, वाळवून पावसाळ्यात दुरुस्त केली जात. नाखवा, म्हणजे होडीचा मालक, आणि खलाशी यांच्यातील उचल व वाट्याचा हिशेबही याच सुमारास मिटे.

किनाऱ्यावर मात्र शेवटच्या दिवसाचा भार स्त्रियांवर पडे, आणि या प्रथेचा इतिहास लिहिताना हा भाग वगळला तर ती अर्धीच समजेल. बोंबलाच्या अंगात पाणी फार असल्याने तो लवकर नासतो. म्हणून दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी वलांडीवर, म्हणजे बांबू आणि दोरांच्या उंच मांडवावर, उन्हात टांगली जाते. कडक उन्हात दोन-तीन दिवसांत तो वाळतो. मात्र वाळत असताना पावसाची एक सर आली तरी माल हातचा जातो. याचा अर्थ असा की होडीचा शेवटचा दिवस पावसाच्या एक दिवस आधी असून चालत नसे. तो वलांडीच्या हिशेबाने काही दिवस अलीकडेच यावा लागे. समुद्राच्या खुणा तांडेल वाचत होता, तशा आकाशाच्या खुणा वलांडीखाली उभी असलेली कोळीण वाचत होती, आणि आगोटीच्या सुक्या मासळीवर घराचे पुढचे दोन-अडीच महिने उभे असत.

येथील बहुसंख्य कोळी ख्रिस्ती आहेत. उत्तनचे चर्चही समुद्राची माता या रूपातील मरियेच्या नावाचे आहे. कॅथलिक परंपरेत मे महिना मरियेच्या भक्तीचा मानला जातो, त्यामुळे हंगामाच्या शेवटच्या फेऱ्या तिच्या महिन्यातच होतात.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत शिडाची जागा यंत्राने आणि सुताची जागा नायलॉनने घेतली, तेव्हा या प्रथेचा पाया हलला. बर्फ घेऊन निघालेल्या यांत्रिक बोटी अनेक दिवस समुद्रावर राहू लागल्या. खुंट रोवण्याच्या जागा, ज्यांना कव म्हणतात, दूरवर सरकल्या आणि त्यांवरून वसई-उत्तन व सातपाटी-डहाणू या बाजूंच्या मच्छीमारांत दीर्घकाळ वाद चालला. ट्रॉलरसारखी ओढीची जाळी भरती-ओहोटीवर अवलंबून नसल्याने त्यांना उधाण-भांगाचे बंधन राहिले नाही. प्रथा सर्वांनी पाळली तरच टिकते. ज्याच्या धंद्याला तिची गरज उरली नाही तो ती पाळेनासा झाला, आणि महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ च्या आधारे पावसाळी बंदी आणावी लागली. मासळीच्या प्रजननाला अवधी मिळावा आणि माणसांचे जीव वाचावेत हे तिचे हेतू निःसंशय योग्य आहेत.

ही बंदी पूर्वी १० जूनला सुरू होऊन १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांपैकी आधी येणाऱ्या दिवशी संपे. म्हणजे कायद्याने चंद्राचे एक टोक तरी हाती धरले होते. पुढे पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै असे सरसकट ६१ दिवस ठरले आणि तेही सुटले. त्याचा परिणाम दोन वर्षे शेजारी ठेवली की दिसतो. २०२२ मध्ये ३० मे रोजी अमावास्या असल्याने हंगामाचा अखेरचा दिवस उधाणात पडला. २०२४ मध्ये तोच ३१ मे कृष्ण अष्टमीच्या सुमारास, म्हणजे ऐन भांगात आला. २०२३ साली तर नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला असल्यामुळे, कायद्याने हंगाम खुला झाल्यावर दर्याला नारळ मिळायला महिना लागला. शिवाय ३ जून २०२० चे ‘निसर्ग’ आणि १७ मे २०२१ रोजी मुंबईजवळून गेलेले ‘तौक्ते’ ही चक्रीवादळे नेमकी आवराआवरीच्या दिवसांत आल्याने, जुन्या खुणांना हवामान खात्याच्या इशाऱ्याची जोड अनिवार्य झाली आहे.

बंदी हवीच, आणि ती यांत्रिक बोटींवर कसोशीने अमलात यायला हवी. परंतु तिची तारीख ठरवताना डोलजाळी सोडवायला लागणारे उधाण-भांगाचे गणित आणि वलांडीवरील मासळी वाळायला लागणारे दिवस विचारात घेतले पाहिजेत, आणि ते सांगू शकणारे तांडेल व कोळिणी उत्तन, पाली आणि चौक येथे हयात आहेत तोवरच त्यांना विचारले पाहिजे.