कोपरगावाहून आठ अब्ज वर्षं मागे

बेटातल्या शुक्राचार्यांच्या मंदिरातून बाहेर पडून तुम्ही गोदावरीकाठी आलात. इथूनच मागे निघा. 1783चा डिसेंबर: याच कोपरगावात राघोबादादा अखेरचे श्वास घेताहेत. 6.6 कोटी वर्षं: पायाखालचा काळा पाषाण अजून लाव्हा आहे. साडेचार अब्जांच्या पलीकडे तर सूर्यच नाही. थांबू नका.

आठ अब्ज वर्षांपाशी तुम्ही एका दूरच्या दीर्घिकेत शिरता. आजच्या आपल्या आकाशगंगेत जन्मतात त्याच्या काही पट तारे इथे जन्मताहेत. ताऱ्यांमधल्या काळोखात हायड्रोजन पसरलाय. त्यातल्या एकाच अणूपाशी जा. त्याच्या इलेक्ट्रॉनची फिरकी उलटते आणि 21 सेंटिमीटरची रेडिओलहर सुटते. एका अणूच्या बाबतीत हे घडायला सरासरी एक कोटीहून अधिक वर्षं लागतात. तुम्ही नेमक्या क्षणी पोहोचलात.

आता त्या लहरीबरोबर परत फिरा. वाटेत विश्व प्रसरण पावतं, लहर ताणली जाते. सूर्य पेटतो, पृथ्वी घडते, लाव्हा थिजतो. जुन्नर तालुक्यात, खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या अँटेनावर तुम्ही उतरता, तेव्हा लहरीची लांबी दुपटीवर गेलेली असते.

पण ती इतकी क्षीण, की गोंगाटात हरवते. पुढची युक्ती मला म्हणूनच विलक्षण वाटते. हवाई बेटांवरच्या केक दुर्बिणीनं हजारो दीर्घिकांचे वर्णपट आधीच घेतले होते. कोणाची लहर किती ताणली गेली असणार, ते त्यांवरून कळत होतं. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओखगोल संशोधन संस्थेतले आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 7,653 दीर्घिकांचे संकेत एकमेकांवर अचूक बसवून सरासरी काढली. हायड्रोजन दिसला. 2020 साली ते ‘नेचर’मध्ये छापून आलं.

वायू भरपूर होता, पण तारे घडण्याचा तो वेग पाहता एक-दोन अब्ज वर्षांत संपणारा. नांदूर मधमेश्वरहून कालव्याला आवर्तन सुटलं नाही, तर उभ्या उसाचं काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. दीर्घिकांनाही बाहेरून पुरेसा नवा वायू मिळाला नाही, म्हणून विश्वातला ताऱ्यांचा जन्मदर तेव्हापासून उतरत आला, असं हे संशोधक सांगतात.