माग, कूट आणि नाताळ

नाताळच्या सुट्टीत संगणकाच्या पडद्यावर खेळावयाचे जे कूटखेळ आता शहरांतून आणि तालुक्याच्या गावांतूनही मुले खेळू लागली आहेत, त्यांची मांडणी बहुधा एकाच धर्तीची असते: बर्फाने वेढलेले एखादे घर, कुलूपबंद पेटी, भिंतीवरील चित्रात दडविलेला अंक, झाडाला टांगलेल्या चांदण्यांचा विशिष्ट क्रम, आणि यांपैकी एका गोष्टीचा उलगडा झाला म्हणजे त्यातूनच दुसरीची दिशा कळावी अशी योजना. हा खेळ परदेशातून आला आणि त्यातील बर्फही परदेशातलेच, हे उघड आहे. परंतु खुणांवरून माग काढीत एखाद्या गूढ स्थळी पोहोचण्याचा जो व्यापार त्याच्या मुळाशी आहे, तो नाताळच्या सणाशी आपल्याकडे प्रथमच जोडला गेला असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासून ज्याचे नाव अहिल्यानगर झाले त्या जिल्ह्यात, ज्या लोकांनी नाताळ आपलासा केला, ते माग काढण्याच्या विद्येत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले होते आणि कूटाच्या भाषेत बोलण्या-ऐकण्याचा संस्कार त्यांच्यावर होता. येशूजन्माची कथा येथल्या गावकुसाबाहेर रुजली ती या दोन अंगांनी, असे माझे मत आहे.

ती कथाच मुळी खुणांची आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडील ज्ञानी लोकांना आकाशात एक तारा दिसतो. तेवढ्या एका खुणेच्या आधारावर ते दूरचा प्रवास करून यरुशलेमेस येतात, आणि तेथे त्यांचा माग तुटतो. पुढली खूण आकाशात नाही, ग्रंथात आहे. हेरोद राजा शास्त्र्यांना बोलावितो, शास्त्री मीखा संदेष्ट्याचे जुने वचन काढून बेथलेहेम गावाचे नाव सांगतात, आणि मग तारा पुन्हा दिसू लागतो. या प्रसंगातील एक गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे: ज्या शास्त्र्यांना ठिकाण अचूक ठाऊक होते ते जागचे हलले नाहीत, आणि ज्यांना ठिकाण ठाऊक नव्हते ते मात्र चालत राहिले. लूकच्या शुभवर्तमानात तर रात्री शेतात कळप राखीत बसलेल्या मेंढपाळांना देवदूत खूणच सांगतो. बाळ बाळंत्यात गुंडाळलेले असेल आणि गव्हाणीत निजलेले असेल. राजवाडा, पालखी, चवरी असे काही नाही, गव्हाण. इतकी साधी आणि इतकी अनपेक्षित खूण ज्याला ओळखता येईल त्यालाच ते घर सापडावयाचे होते.

आता ही कथा ज्यांच्या कानांवर पडली ते श्रोते कोण होते, हे पाहिले पाहिजे. पेशवाईचा शेवट झाल्यावर १८१९ साली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने दख्खनच्या मुलखाविषयी जो अहवाल सरकारास सादर केला, त्यात गावच्या रखवालीच्या पद्धतीचे सविस्तर वर्णन आहे. गावच्या कारभारात पाटील आणि कुलकर्णी यांच्या हाताखाली रखवालीचा जागल्या बहुधा महार असे, आणि कित्येक गावांत त्या जागी भिल्ल किंवा रामोशी नेमलेले असत. रात्री गस्त घालणे, आल्या-गेल्या परक्या माणसावर नजर ठेवणे, आणि चोरी झालीच तर चोराचा माग काढणे हे जागल्याचे काम. त्याबद्दल त्याला गावाकडून वतनाचा हक्क मिळे. चोराच्या पावलाचे माप तो घेई आणि धुळीतून, ओढ्यातून, नांगरटीतून तो माग पुढे नेई. माग गावच्या शिवेपर्यंत गेला म्हणजे तेथे शेजारच्या गावचा जागल्या येई, माप ताडून पाही, आणि त्याची खात्री पटली की पहिल्या गावाची जबाबदारी संपून दुसऱ्याची सुरू होई. असा तो माग शिवेशिवेवर हस्तांतरित होत जाई, आणि ज्या गावात तो अखेरीस लुप्त होई त्या गावाला चोरीस गेलेल्या मालाची भरपाई करावी लागे. ही सारी व्यवस्था खुणा वाचण्याच्या कौशल्यावर आणि वाचलेली खूण दुसऱ्याला पटवून देण्याच्या कौशल्यावर उभी होती. पाऊल ओळखण्यात झालेली चूक साऱ्या गावाला भोवत असे. शिवेचा तंटा उद्भवला असता महाराच्या साक्षीला जे वजन होते, तेही याच कारणाने, कारण कोणता दगड कोणत्या बांधावर होता आणि कोणता मागाहून सरकविला गेला, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक नसे.

नगर जिल्ह्याच्या खेड्यांत ख्रिस्ती धर्म स्वीकारणाऱ्यांत महार आणि मांग या समाजांतील लोक बहुसंख्य होते. रात्रीच्या रखवालीवर असलेल्या गरीब माणसांनाच जन्माची वार्ता सर्वांआधी मिळावी, आणि देवदूताने सांगितलेल्या खुणेवरून अंधारात चालत जाऊन त्यांनी ते घर शोधून काढावे, हा वृत्तान्त त्यांना परका वाटण्याचे कारण नव्हते. ज्या माणसाची साक्ष शिवेच्या तंट्यात ग्राह्य आणि देवळाच्या पायरीवर अग्राह्य होती, त्याला येथे प्रथम साक्षीदाराचा मान मिळत होता. या गोष्टीचे मोल ज्यांनी तो भेद सोसला त्यांनाच पुरते कळले असणार, आणि जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासात या एका गोष्टीकडे जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेलेले नाही, याची मला खंत वाटते.

मात्र हा सण येथे मिशनऱ्यांनी आणून दिला असे सरसकट म्हणता येत नाही. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले प्रचारक १८१३ साली मुंबईस उतरले, आणि १८३१च्या डिसेंबरात ग्रेव्ह्‌ज, रीड व हर्वे या तिघांनी नगरला ठाणे घातले. हे लोक न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतले, आणि त्या परंपरेत नाताळ साजरा करणे शास्त्रबाह्य मानले जाई. मॅसॅच्युसेट्स वसाहतीत तर १६५९ साली नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंडाचा कायदा झाला होता, आणि तो १६८१मध्ये रद्द झाला तरी त्या राज्यात नाताळला अधिकृत सुट्टी मिळण्यास १८५६ साल उजाडावे लागले. तेव्हा डिसेंबरात नगरास येऊन पोहोचलेल्या त्या प्रचारकांच्या परंपरेत पंचवीस तारखेला सणाचे असे स्थान नव्हते. परंतु १८०३च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीने नगरचा भुईकोट किल्ला घेतला होता, आणि पुढे इंग्रजी फौजेचा येथे राबता राहिला. नगरच्या लोकांनी नाताळ पाहिला तो बहुधा प्रथम छावणीत, आणि पुढे कचेऱ्यांच्या सुट्ट्यांत. हळूहळू मिशनच्या मंडळ्यांतही तो आला, आणि आला तेव्हा त्याला ठरीव असा विधी नव्हता. ही रिकामी जागा भरून काढण्याचे काम एतद्देशीय ख्रिस्ती लोकांकडे आले, आणि ते त्यांनी आपल्याजवळच्या साधनांनी केले.

ती साधने कोणती? या जिल्ह्याच्या भूमीत नेवासे आहे, जेथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि गीतेचा अर्थ रूपकांच्या परंपरेने उलगडत नेण्याची रीत मराठीला लाभली. गोदावरीच्या पलीकडे पैठण आहे, आणि पैठणच्या एकनाथांनी भारुडाच्या रूपाने कूट थेट गावच्या चावडीवर आणून ठेवले. त्यांच्या भारुडांत जोशी येतो, भुत्या येतो, विंचू येतो. वरकरणी सोंग, आणि आत देह, मन, काम, क्रोध यांचा निवाडा. त्यांचे अर्जदस्त, ताकीदपत्र, कौल हे प्रकार तर सरकारी दप्तराच्या भाषेतच रचलेले आहेत, आणि जोहार घालणारा महार देहरूपी गावाचा हिशेब मायबापांपुढे मांडतो. श्रोत्याने करावयाचे ते इतकेच, की हे गाव कोणते, हा पाटील कोण, ही बाकी कसली, हे मनाशी सोडवावयाचे. ज्याला उलगडा होई तो हसे, आणि हसता हसता अंतर्मुख होई. राहुरी तालुक्यातील ताहराबादचे महिपती याच प्रदेशातले. कुलकर्णपणाचे दप्तर सांभाळणाऱ्या या पुरुषाने चाकरीची लेखणी खाली ठेवून संतचरित्रे लिहावयास घेतली, आणि १७६२मध्ये ‘भक्तविजय’ पूर्ण केला. अमेरिकन मराठी मिशनच्याच जस्टिन अ‍ॅबट यांनी पुढे हा ग्रंथ इंग्रजीत नेला आणि ते भाषांतर १९३३मध्ये प्रसिद्ध झाले, ही घटना दोन परंपरांच्या परस्परांविषयीच्या आदराची म्हणून आवर्जून नमूद करण्याजोगी आहे.

या सामग्रीतूनच ख्रिस्ती कीर्तन जन्मास आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी बायबलमधील आख्याने कीर्तनाच्या साच्यात बसविली, आणि ज्यांना प्रवचन ऐकताना कंटाळा येई ते लोक टाळ-मृदंगाच्या साथीवर रात्री उशिरापर्यंत बसू लागले. कीर्तनाची रचना पाहिली तर ती कूट घालणे आणि सोडविणे यांचीच रचना आहे. पूर्वरंगात हरिदास एखादे पद घेतो, त्यातील एका शब्दावर अडतो, शंका उपस्थित करतो, प्रमाणे देतो, परंतु उत्तर देत नाही. मग उत्तररंगात आख्यान सुरू होते, आणि कथा पुढे सरकते तसतशी पूर्वरंगातील गाठ एकेक पदर सुटत जाते. येशूजन्माचे आख्यान या साच्यात बसते ते कसलीही ओढाताण न होता. राजा जन्मला आहे तर राजवाड्यात का नाही, असा प्रश्न पूर्वरंगात टाकला की तारा, यरुशलेम, शास्त्र्यांचे वचन, मेंढपाळ आणि गव्हाण हे सर्व त्या प्रश्नाच्या उत्तराचे टप्पे होतात, आणि श्रोता ज्ञानी लोकांच्या मागोमाग स्वतःच चालू लागतो. याहीपूर्वी, १६१६ साली, गोव्यात रायतूर येथे छापलेल्या फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणात ओवीच्या वाटेने हीच कथा मराठीत आली होती. परंतु नगरच्या कीर्तनकारांनी ती वाचकाकडून श्रोत्याकडे आणि एकट्याकडून समुदायाकडे आणली.

नारायण वामन टिळकांनी या कार्याला काव्याची उंची दिली. १८९३मध्ये राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका अनोळखी युरोपियनाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्या गृहस्थाचे नाव त्यांना कधीच कळले नाही. नगर ही त्यानंतर त्यांची कर्मभूमी झाली. १८४२मध्ये नगरलाच निघालेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन पुढे त्यांच्याकडे आले, आणि अभंग, ओवी आणि कीर्तन ही आपल्या पूर्वजांची वाहने ख्रिस्ती उपासनेला शोभतात, नव्हे तीच शोभतात, हा त्यांचा आग्रह होता. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे ओवीबद्ध चरित्रकाव्य १९१९मध्ये त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. ज्या बाईंना शाळेचे शिक्षण जवळजवळ मिळाले नव्हते, त्यांनी पतीने जेथे लेखणी थांबविली तेथून ओवी पुढे चालवावी, यातील धैर्य त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्यास निराळे सांगावयास नको.

पाश्चात्य जगात कूटप्रश्न आणि नाताळ यांचा संबंध छापखान्याने घट्ट केला. लिव्हरपूलमध्ये जन्मलेल्या आर्थर विन याने तयार केलेले पहिले शब्दकोडे न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ पत्राच्या रविवारच्या पुरवणीत २१ डिसेंबर १९१३ रोजी, म्हणजे ऐन नाताळच्या तोंडावर छापले गेले. त्याचा आकार हिऱ्यासारखा होता. ते कोडे पुढे आपल्याकडेही आले, बक्षिसांच्या मोहाने त्याचा जुगार झाला, मुंबई सरकारला १९४८मध्ये आणि मध्यवर्ती सरकारला १९५५मध्ये त्यावर कायदे करावे लागले, आणि १९५७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बुद्धिकौशल्याच्या स्पर्धा आणि नशिबाचा जुगार यांतील भेद स्पष्ट केला. हा इतिहास मोठा असला तरी आपल्या विषयाला त्याचा उपयोग बेताचाच. एकट्याने टेबलाशी बसून चौकोन भरणे हा कूटाचा एक प्रकार झाला, समुदायाने मिळून उलगडा करणे हा दुसरा, आणि नगरची परंपरा दुसऱ्या प्रकारची आहे.

संगणकावरील साहसखेळांची वंशावळ १९७६ साली विल्यम क्राउदरने केवळ शब्दांत रचलेल्या एका गुहेच्या खेळापासून सांगितली जाते. त्या काळापासून आजच्या चित्रमय नाताळ-खेळांपर्यंत तंत्र कितीही बदलले असले, तरी उत्तम खेळाचे लक्षण एकच राहिले आहे: खूण समोरच असावी, आणि ती खूण आहे हे मात्र पाहणाऱ्याला स्वतःच्या विचाराने कळावे. भारूड रचणाऱ्यांना आणि कीर्तनकारांना हे लक्षण उत्तम ठाऊक होते. म्हणून नगरच्या मुलांनी परक्या देशातील बर्फाच्छादित घरांची कुलुपे उघडावीत यात मला काही गैर वाटत नसले, तरी या जिल्ह्याचा स्वतःचा नाताळ-खेळ कोणीतरी रचावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यात बर्फाऐवजी डिसेंबरातील हुरड्यावर आलेली ज्वारी असावी आणि चांदण्या रात्री माळावर राखणीला बसलेले धनगर असावेत. पहिली खूण पूर्वरंगातील पदात दडलेली असावी, दुसरी जोहाराच्या हिशेबात, तिसरी एखाद्या जुन्या बांधाच्या दगडावर. आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी गावची शीव यावी, जेथे खेळणाऱ्याने आपण घेतलेले पावलाचे माप पुढल्या गावच्या खेळणाऱ्याला दाखवावे, ते खरे असल्याची त्याची खात्री पटवावी, आणि तेथून पुढला माग त्याच्या स्वाधीन करावा.